वायरींना अबोलीच्या गाठी

१

“बाई, आईचा आवाज गेला.”

दारात उभी राहून संस्कृती मांडवकर एवढंच म्हणाली. आनंदीबाई लिमये पडवीतल्या टेबलावर, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलांसाठी सेल, बल्ब आणि तारा मांडत होत्या. त्यांचा हात थांबला.

संस्कृतीची आई, ज्ञानेश्वरी, मार्गशीर्षात गेली. आता श्रावण अर्धा सरला होता. मग आवाज आत्ता कसा गेला, हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं. बाईंनी विचारलं नाही. ज्ञानेश्वरी कुवारबावला मुलांचा कॉम्प्युटर क्लास चालवायची आणि क्लासच्या मुलांसाठी धडे बोलून घरच्या मशीनमध्ये ठेवायची, हे त्यांना ठाऊक होतं. तीच ज्ञानेश्वरी, जी शाळेत असताना मालगुंडच्या बाजूहून एसटीने यायची, केसात अबोलीचा वळेसर माळून पुढच्या बाकावर बसायची आणि “पण का, बाई?” विचारून तास संपू द्यायची नाही. शिक्षकाला असं मूल फार वेळा मिळत नाही.

“आत ये. बैस. पहिल्यापासून सांग, आणि रडायचं झालं तर मध्ये रड, शेवटी नको. शेवटी मला प्रश्न विचारायचे असतात.”

संस्कृती रडता रडता हसली आणि सांगू लागली. ती अ‍ॅनिमेशन शिकत होती. आईच्या धड्यांवर हलती चित्रं करायची, आईचा आवाज आणि आपली चित्रं, असं तिने मनाशी धरलं होतं. जुनं मशीन चित्रं काढताना धापा टाकायचं, म्हणून तिने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. पण त्या कार्डाची विजेची भूक मोठी. जुना एसएमपीएस त्याला पुरणार नव्हता.

“एसएमपीएस म्हणजे वीज वाटणारा तो डबा ना?”

“हो. घरातली वीज घेतो आणि मशीनमधल्या प्रत्येकाला सोसेल तेवढीच देतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या विनीतने रविवारी घरी येऊन नवा डबा बसवला, कार्ड बसवलं. सगळं छान चाललं, बाई! संध्याकाळी मी आईचा पहिला धडा लावून ऐकला. सोमवारी कॉलेजला गेले, परत आले, बटण दाबलं. टक् झालं. जळका वास आला. संपलं.”

“धडे दुसरीकडे कुठे उतरवून ठेवले होतेस?”

संस्कृतीने मान खाली घातली. “उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले.”

बाई रागावल्या नाहीत. “बरं. रविवारी चालू होतं आणि सोमवारी बंद पडलं. मधे कुणीतरी हात लावला, असं तुला वाटतं?”

“वाटत नाही, बाई. मला माहीत आहे कुणी लावला ते.” तिचा आवाज एकदम कोरडा झाला. “दादाने. माझ्या सख्ख्या भावाने.”

२

मांडवकरांच्या घरी पायरीवर महिपत बसला होता. संस्कृतीचा बाप. शिरगावच्या रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचं काम. बाईंना बघून तो उठला, “या बाई” म्हणाला आणि पुन्हा पायरीवरच बसला. मशीनच्या खोलीत तो आला नाही.

“बाबा आत येत नाहीत,” संस्कृती हळूच म्हणाली. “मी आईचा आवाज लावला की उठून पायरीवर जातात.”

“आणि ऋत्विक?”

“तो लोट्याला कंपनीत असतो, सुट्टीला येतो. रविवारी आला आणि विनीत काम करून गेल्यावर माझ्यावर ओरडला. आईने जोडलेलं मशीन उघडलंसच का, म्हणाला. खूप बोलला. सोमवारी दिवसभर मी घरात नव्हते, तो होता. दुपारी न सांगता निघून गेला. मी फोन केला तर उचलत नाही. आणखी काय पाहिजे?”

“आणखी पुष्कळ पाहिजे,” बाई म्हणाल्या. “त्या विनीतने येऊन बघितलं?”

“मी नको म्हटलं. आता कुणी हात लावायचा नाही.”

“हे मात्र शहाणपणाचं केलंस. जागच्या वस्तू न हलवलेल्या बऱ्या.”

बाईंनी आधी भिंतीतली पिन काढली, मगच मशीनचा बाजूचा पत्रा उघडला. हा त्यांचा शाळेपासूनचा नियम. चष्मा कपाळावरून नाकावर आला. आत नवं कार्ड ऐटीत बसलं होतं, खाली नवा काळा डबा. त्यातून निघालेल्या वायरी काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या, टोकं कात्रीने सारखी कापलेली. हात सफाईचा होता.

त्यांनी मशीन वळवून मागची बाजू उघडली. तिथेही तेच. एक वायर सोडून.

ती वायर डब्यातून निघून डिस्ककडे जात होती, आणि आईचे धडे त्याच डिस्कमध्ये होते. वायरीवर तपकिरी, वाळलेला धागा होता. केळीच्या खोडाच्या सालीचा, सोपटाचा. त्यावर एकसारख्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या गाठी. मालगुंडकडच्या बायका याच गाठींनी अबोली गुंफतात. एके ठिकाणी सोपट कुजून तुटलं होतं आणि तिथे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली होती. पट्टीला गाठच नव्हती. खालून वर चढत गेलेले वेढे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर, आणि शेवटचं टोक आत खोचलेलं. डब्याकडच्या टोकाला हळदीचा पुसट डाग होता.

“ही हळद?”

“आई दसऱ्याला मशीन उघडून पूजा करायची. कोयता, विळी, शिवणयंत्र, सगळ्यांच्या ओळीत हे पण. हळदकुंकू लावल्याशिवाय त्या दिवशी बटण दाबू द्यायची नाही.” संस्कृती वाकली. गाठी दिसल्या तशी तिने तोंड फिरवलं. “पण बाई, असं होणार नाही. ही वायर इथे असूच शकत नाही.”

“का?”

“विनीतने आईच्या सगळ्या वायरी काढल्या होत्या. एकूण एक. मी शेजारी उभी होते.”

३

विनीतचं दुकान मारुती मंदिराजवळ. बाईंना बघताच तो खुर्चीवरून ताडकन उठला.

“बाई, तुम्ही! बसा ना. मी शेवटच्या बाकावरचा.”

“ओळखलं. बाक तुझ्यामुळे मोडला होता.”

“तो आधीच मोडलेला होता हो!” विनीत हसला, मग गंभीर झाला. “संस्कृतीचं कळलं मला. पण बाई, शपथेवर सांगतो, मी निघालो तेव्हा मशीन पळत होतं.”

“ते तीही म्हणते. मला एवढंच सांग, जुन्या वायरी चांगल्या होत्या ना? मग काढल्यास कशाला? नुसता डबा बदलायचा.”

“तिथंच तर लोक फसतात.” विनीतने ड्रॉवरमधून दोन वायरी काढून काचेवर ठेवल्या. “ही एका कंपनीच्या डब्याची, ही दुसऱ्या कंपनीच्या. तोंडं बघा. सारखी. ही त्यात बसते, ती ह्यात बसते. पण डब्याच्या आत कुठल्या भोकातून किती वीज सोडायची, हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवलेलं असतं. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्कचा कोळसा. म्हणून डबा नवा तर वायरी त्याच्याच.”

बाईंनी दोन्ही वायरी हातात धरून कितीतरी वेळ बघितल्या. “हे तू मांडवकरांच्या घरी सांगितलंस?”

विनीतचा चेहरा उतरला. “नाही. जुन्या वायरी नव्या डब्याच्या खोक्यात टाकल्या आणि निघालो. कोण परत लावणार, असं वाटलं.”

“बरं. आता एक सोपा प्रश्न. वायर सुटी लोंबत असेल तर तू कशाने बांधतोस?”

“ह्याने.” त्याने काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची मूठ दाखवली. “का हो?”

“परीक्षेत येईल,” बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

संस्कृतीचा फोन न उचलणाऱ्या ऋत्विकने बाईंचा मात्र पहिल्या घंटेला उचलला. मागे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता.

“बाई, तिने तुम्हाला पाठवलं ना? मीच केलं म्हणते ना ती?”

“ती काय म्हणते ते राहू दे. तू काय केलंस?”

“उघडलं मी. सोमवारी सकाळी. नुसतं बघायला. बाई, आईच्या गाठी नव्हत्या आत. ती माझ्यासमोर बसून बांधायची. मी म्हणायचो, आई, बाजारात पट्ट्या मिळतात. ती म्हणायची, पट्टी कापावी लागते रे, गाठ सोडवता येते. आणि ते सगळं खोक्यात कोंबलेलं! मी खोकं उचलून बाबांपुढे ठेवलं. ते दुपारच्या जेवणाला घरी आले होते. म्हटलं, बघा, आईचं काय केलं ते.”

“मग?”

“बाबा ताटावरून उठले. मला ते बघवेना. मी मिळाली ती एसटी पकडली.”

“ऋत्विक, कंपनीत तू कसलं काम करतोस?”

“मीटर, वायरिंग. इन्स्ट्रुमेंटचं.”

“वायर सुटी असेल तर कशाने बांधतोस?”

“टेप. काळी इन्सुलेशन टेप. का, बाई?”

बाईंनी डोळे मिटले. प्रत्येक हात आपल्या सवयीने बांधतो, आणि पारदर्शक पट्टीच्या त्या वेढ्यांची सवय त्यांनी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते आठवलं तेव्हा त्यांना आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं.

४

रोपवाटिकेत पावसाची उघडीप होती. हिरव्या जाळीखाली आंब्याच्या रोपांच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या, आणि मधे पाटावर महिपत. बाई जवळ गेल्या तरी त्याने काम थांबवलं नाही. रायवळ आंब्याचं कोवळं रोप घेतलं, शेंडा छाटला, खुंटाला मधोमध चीर दिली. हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून चिरेत बसवली. मग पारदर्शक पट्टी घेतली. खालून सुरुवात. प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर. वर आल्यावर शेवटचं टोक आत खोचलं. गाठ नाही.

बाई बाजूच्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या.

“महिपत, गाठ का मारत नाही?”

“गाठ मारली तर फुगल्यावर काचतं, बाई. असं बांधलं की पानी आत जात न्हाय, आणि सोडताना काडीला दुखत न्हाय.”

“ज्ञानेश्वरीच्या वायरीलाही असंच बांधलंत.”

पुढचं रोप उचलायला गेलेला त्याचा हात तिथेच राहिला. जाळीवरून साचलेलं पाणी टपटपत होतं.

“पोराने खोकं पुढ्यात ठेवलं,” महिपत खाली बघत म्हणाला. “तिच्या हातचं तेवढंच राहिलं व्हतं. साडी कपाटात असते, ती काय तिने विणलेली न्हाय. ह्या गाठी तिच्या. म्हटलं, सगळ्या नकोत, एक तरी आत ऱ्हावदे. तिचा आवाज ज्यात हाय, त्याला जाणारी. सोपट तुटलं व्हतं, ते बांधलं. नवी काढली, ही लावली.”

“कुठे लावायची हे कसं कळलं?”

“नवी जिथून काढली तिथंच. मापात बसली, बाई. सालीला साल लागली.” त्याने समोरच्या कलमाकडे बोट केलं. “खुंट नवा असला तरी काडी जुन्या झाडाची लावायची असते. आंबा काडीचा धरतो, खुंटाचा न्हाय. मला वाटलं, हे पण तसंच. धरंल.”

बाईंनी आयुष्यभर मुलांच्या चुका तपासल्या होत्या. सगळ्यात अवघड चूक ती, जिच्यामागचा विचार बरोबर असतो. ती कापायला पेन उचलत नाही.

“महिपत, तुमचा विचार झाडाला लागू आहे. विजेला नाही. दोन डब्यांची तोंडं सारखी असतात, पोटं वेगळी. डिस्कला सोसेल त्याहून जास्त वीज गेली.”

“म्हंजे मीच.” तो उठून उभा राहिला. “मार्गशीर्षात काय माझ्या हातात नव्हतं, बाई. आता माझ्याच हातानं...”

“बसा.” बाईंचा आवाज वर्गातला होता. महिपत बसला. “वायर तुम्ही लावलीत, बटण पोरीने दाबलं, सांगायचं विनीतकडून राहिलं, खोकं ऋत्विकने आणलं. आणि डिस्क मेली की नुसती बेशुद्ध आहे, हे अजून कुणी बघितलेलं नाही. निकाल लागायच्या आधी नापास व्हायचं नसतं.”

त्याने पुढचं रोप हातात घेतलं. मग म्हणाला, “पोरगी भावाला बोल लावते. तो घरी येत न्हाय. तेवढं तुम्ही सांगू नका, बाई. मी सांगतो.”

५

ऋत्विक सुट्टीला आला तो बाईंनी बोलावलं म्हणून. बहीणभाऊ एका खोलीत दोन भिंतींना टेकून उभे होते. विनीत सोल्डरची पेटी मांडून बसला होता. आणि महिपत, जो या खोलीत येत नसे, तो उंबऱ्याच्या आत उभा राहिला.

“ती वायर मी लावली,” तो म्हणाला. “ऋत्विकने न्हाय.”

संस्कृतीने वडिलांच्या हाताकडे बघितलं, मग मशीनमधल्या त्या पारदर्शक पट्टीकडे. जन्मापासून ओळखीची ती बांधणी तिच्या डोळ्यांसमोर असून तिला दिसली नव्हती. गाठी दिसल्यावर तिने तोंडच फिरवलं होतं.

“दादा,” ती म्हणाली. आपली भिंत सोडून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“फोन उचलायला हवा होता मी,” ऋत्विक म्हणाला. “चल, सरक. उजेड अडवू नकोस विनीतचा.”

विनीतने गाठींची वायर अलगद काढून महिपतच्या हातात दिली. डिस्क मोकळी करून बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला, पडदा उजळला. मग मशीन बंद करून डब्याची स्वतःची वायर डिस्कला जोडली आणि पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही. डबा मुका.

“हे बरं झालं की वाईट?” संस्कृतीने विचारलं.

“बरं,” उत्तर बाईंनी दिलं. “डबा घाबरून बंद पडतो, म्हणजे डिस्कच्या तोंडाशीच कुणीतरी वाट अडवून पडलंय. बरोबर ना, विनीत?”

“शेवटच्या बाकावरून हात वर, बाई.” विनीतने डिस्क उलटी केली. तिच्या पाठीवरच्या हिरव्या पाटीवर तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा होता. मीटरची टोकं टेकताच मीटर ओरडला. “हा पहारेकरी. डायोड. जास्त वीज आली की हा स्वतः जळतो आणि वाट बंद करतो. आतल्यांना कधी वाचवतो, कधी नाही वाचवू शकत. याला काढून बघायचं. पण मग पहारा नाही. डिस्क चालली तर सगळं लगेच उतरवायचं. आणि नाही चालली तर...”

“काढ,” महिपत म्हणाला.

सोल्डरचा धूर निघाला. कणी सुटून चिमट्यात आली. डिस्क पुन्हा जोडली. बटण दाबायला कुणी पुढे होईना, तेव्हा ऋत्विकने बहिणीचं मनगट धरलं आणि तिच्याच बोटाने दाबलं.

आधी पंखे. मग त्यांच्या खालून एक बारीक, वर चढत जाणारा गुणगुणाट. डिस्क फिरत होती.

संस्कृती धड्यांवर झेपावली. बाईंनी तिचा हात अडवला. “आधी उतरवून घे. ऐकायचं नंतर. उद्या करू नाही.”

ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत कुणी खोलीबाहेर गेलं नाही. चहाचं आधण उकळून उकळून काळं झालं. शेवटी पडद्यावरची रेघ भरली, आणि महिपत सवयीने पायरीकडे वळला.

“महिपत,” बाई म्हणाल्या, “आज आत बसा.”

तो दाराशी टेकून बसला. हातात ती वायर. संस्कृतीने समोर आला तो धडा लावला.

“नमस्कार मुलांनो.” खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज. “आज आपण मशीनचं पोट उघडून बघणार आहोत. घाबरायचं नाही. पण आधी काय करायचं? भिंतीतली पिन काढायची.”

आनंदीबाईंनी टेबलाची कड धरली. तोच स्वर. पुढच्या बाकावरचा, थोडा मोठा झालेला.

धड्यात मागून एक पुरुषी आवाज आला. “ही इथं जाईल गो. बघ, बसली.”

“अहो, नको! बसतंय म्हणजे बरोबर असतंच असं नाही!” ज्ञानेश्वरी हसायला लागली. “मुलांनो, हे वाक्य माझं नाही हं, आमच्या बाईंचं. वहीत लिहू नका, डोक्यात ठेवा. आणि हे मधे बोलले ते संस्कृतीचे बाबा. यांना जिथे तिथे कलमंच दिसतात.”

“मग काय दिसणार?” धड्यातला महिपत म्हणाला.

“हात काढा आधी.”

खोलीत कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतं. ऋत्विक भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते कळत नव्हतं. विनीत उगाच सोल्डरची तार गुंडाळत बसला. आपलं वाक्य बाईंनी कितीदा, किती वर्गांना सांगितलं होतं, आणि ते कुठे जाऊन राहतं हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

“तू सांगितलं व्हतंस गो,” महिपत पडद्याला म्हणाला. “माझ्याच ध्यानात राहिलं न्हाय.”

धडा संपला. कुणी न सांगता संस्कृतीने तोच पुन्हा लावला.

महिपतने वायर मांडीवर सरळ केली. “बाई, ही आता टाकायची काय?”

“टाकायची कशाला? आत नको. बाहेरून बांधा. तिथून वीज जात नाही.”

तो मशीनजवळ सरकला. गाठींची वायर त्याने मशीन उचलायच्या वरच्या मुठीवर आडवी धरली, खिशातून पारदर्शक पट्टी काढली आणि बांधायला घेतली. खालून वर. प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर. मागे ज्ञानेश्वरी मुलांना पिन काढायला सांगत होती. “हात काढा आधी,” ती पुन्हा म्हणाली, तेव्हा महिपतचा हात खरोखरच थांबला. ती पुढे बोलू लागेपर्यंत तो थांबून राहिला, मग त्याने शेवटचं टोक आत खोचलं.